मोतीच्या क्लबात जाताना



अनुजा, तुझ्या लॅब्राडोर मोतीला घेऊन तू मिनेसोटातल्या रिट्रीव्हर क्लबाची, म्हणजे पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या कुत्र्यांच्या क्लबाची, सभासद झालीस हे कळलं. तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. बंदुका, गार पाणी आणि उतावीळ कुत्री जिथे एकत्र येतात तिथे आपण आणि मोतीने सुखरूप कसं राहायचं, हा पहिला. क्लबाच्या कामाला किती रविवार द्यायचे, की मोतीची पाळी झाली की घरची वाट धरायची, हा दुसरा. तू ते वेगवेगळे विचारलेस, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. अशा क्लबात जो राबतो तो सुखरूप राहतो. जो पाहुण्यासारखा येतो आणि जातो, त्याचा धोका त्याला स्वतःला असतोच, शिवाय इतरांनाही असतो. हे नुसतं मत म्हणून घेऊ नकोस. का ते सांगतो, पटलं नाही तर तसं लिही.

आधी हे क्लब कशासाठी निघाले ते ध्यानात घे. अमेरिकेत रिट्रीव्हरच्या मैदानी स्पर्धा 1931 पासून आहेत. स्पर्धा म्हटली की एक पहिला आणि बाकीचे मागे. पहिला निवडायचा तर कसोटी कठीण करत न्यावी लागते. त्यामुळे अंतरं वाढत गेली, लांब गेलेल्या कुत्र्याला मालक दिसावा म्हणून कुत्र्याला हाताळणारे हँडलर पांढरे कोट घालू लागले, आणि पहाटे चिखलात बसून बदकांची वाट पाहणाऱ्या साध्या शिकाऱ्याला हा खेळ आपला वाटेनासा झाला. त्या नाराजीतून 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘हंट टेस्ट’ आल्या. युनायटेड केनेल क्लबाशी जोडलेला हंटिंग रिट्रीव्हर क्लब त्याच काळातला. अमेरिकन केनेल क्लबानेही 1985 मध्ये आपल्या परीक्षा सुरू केल्या. इथे कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी झुंजत नाही. ठरलेल्या मापाला उतरला की पास. एका दिवशी सगळे पास होऊ शकतात आणि सगळे नापासही. दहावीच्या परीक्षेत शेजारच्या मुलीला गणित समजावून दिलं म्हणून आपले गुण घटत नाहीत, तसंच हे. दुसऱ्याचं कुत्रं शिकवायला हात लावल्याने मोतीचं काही जात नाही. म्हणून या क्लबांचा सगळा गाडा सभासदांच्याच हातांवर चालतो. पक्षी फेकणारे, बार काढणारे, कोणाची पाळी कधी ते सांभाळणारा मार्शल, कागदपत्रं बघणारा सचिव, दुपारच्या जेवणाचं पाहणारे, हे सगळे तुझ्यासारखेच कुत्रं घेऊन आलेले लोक असतात. ‘पैसे भरले, माझं काम करा’ म्हणण्याजोगा तिथे कोणी नसतो.

आता या कामांपैकी एकच काम जवळून बघ, पक्षी फेकण्याचं. कापडी आडोशामागे किंवा गवताच्या आड एक उलटी बादली, तिच्यावर तू बसलेली. पायाशी मेलेली बदकं ओळीने ठेवलेली, पंख ओले. समोर शंभरेक पावलांवर ती जागा, जिथून हँडलर कुत्र्याला सोडतो. जजची खूण झाली की तू बदकाच्या आवाजाची शिट्टी वाजवायचीस, मग पक्षी उंच कमानीत फेकायचास. बार होतो, पक्षी ठरल्या जागी पडतो. त्यानंतर निश्चल बसून राहायचं, कारण तू हललीस तर कुत्रं पक्ष्याकडे न जाता तुझ्याकडे येईल. दिसायला हमालीचं काम. पण बंदुकीची नळी समोरच्या बाजूने कशी दिसते हे क्लबात फक्त याच जागेवरून कळतं. हँडलर खांद्याला बंदूक लावून पक्ष्याच्या मागे वळतो तेव्हा ती वळता वळता कुठवर येते, कोणाचा हात स्थिर आहे, कोण कुत्र्याकडे बघण्याच्या नादात नळीचं तोंड विसरतो, हे तुला बादलीवर बसून दिसेल. असे चार रविवार काढलेस की तू स्वतः त्या जागी उभी राहशील तेव्हा नळी कुठवर वळवायची हे कोणाला सांगावं लागणार नाही. नियमावलीतलं वाक्य पाठ करून ही समज येत नाही. राबण्याचा आणि सुरक्षिततेचा संबंध मी म्हणतो तो हा.

परीक्षेत काडतुसं बहुधा छर्‍यांशिवायची असतात, त्यांना ते ‘पॉपर’ म्हणतात. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की हे फटाक्यासारखं आहे. तसं अजिबात नाही. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकन नट चित्रीकरणाच्या जागेवर गोळी नसलेल्या काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरशी खेळता खेळता ती कानशिलाला लावून बसला आणि चाप ओढला. गोळी नव्हतीच, वायूच्या दाबाने कवटी फुटली आणि काही दिवसांत तो गेला. छर्रे नसले तरी बंदुकीच्या तोंडाशी दारूचा जोर जीवघेणाच असतो. म्हणून चार सवयी अंगात मुरव. बंदूक हातात आली की पहिल्यांदा उघडून बघायची, देणाऱ्याने आत्ताच बघितली असली तरी. नळी माणसाकडे आणि कुत्र्याकडे कधीच नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. दोन बारांच्या मधे बंदूक उघडीच ठेवायची, म्हणजे दहा पावलांवरच्या माणसालाही ती रिकामी असल्याचं दिसतं. वरच्या पातळ्यांवर हँडलरला स्वतः बंदूक हाताळावी लागते, आणि तिथे हयगय दिसली तर कुत्र्याने कितीही देखणं काम केलेलं असो, जज नापास करू शकतो. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात प्राधान्य कशाला हे स्वच्छ दिसतं. कानांचंही सांगतो. शॉटगनचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि कानाची हानी एका बारानेही होऊ शकते. कानात बोळे घाल, आणि मोतीला सुरुवातीला बार लांबून ऐकव, खेळाच्या आणि खाण्याच्या वेळी, हळूहळू जवळ आणत. बंदुकीला एकदा बुजलेलं कुत्रं परत सरळ करणं महाकठीण.

बंदुकीचीच आणखी एक बाजू आहे, आणि ती क्लबातले गोरे लोक तुला सांगणार नाहीत, कारण त्यांना ती लागूच नाही. तू एच-1बी व्हिसावर आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं गुन्हा आहे. तिथल्याच सरकारने रीतसर दिलेलं शिकारीचं लायसन्स असेल तर त्यातून सवलत मिळते. शॉटगन छर्‍यांशिवायच्या काडतुसाने भरली म्हणून ती बंदूक राहत नाही असं नाही. ‘जरा धर गं’ म्हणून कोणी सहज हातात दिली तरी प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा क्रम असा ठेव: आधी मिनेसोटाचा शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम, जो 1979 नंतर जन्मलेल्यांना लायसन्सआधी सहसा करावाच लागतो, मग लायसन्स, मग इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोलणं, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. तोवर पक्षी फेक, सरावाच्या कापडी डमी फेक, मार्शलच्या हाताखाली काम कर. मोतीलाही हंटिंग रिट्रीव्हर क्लबाच्या सुरुवातीच्या ‘स्टार्टेड’ पातळीवर पट्ट्याने धरून ठेवायची मुभा असते आणि जमिनीवरचे पक्षी साधारण 75 यार्डांच्या आतच पडतात, त्यामुळे घाईचं कारण नाही.

कुत्र्याने बसून राहणं हा या विद्येचा गाभा आहे, आणि आपल्याकडच्या शिकारी कुत्र्यांची सवय असलेल्या माणसाला तो पटकन उमगत नाही. लातूरकडचा कारवानी बघ. त्याचं सगळं कसब डोळ्यांत आणि पायांत; सावज दिसलं की सुटायचं, पुढचं त्याचं तो ठरवणार. रिट्रीव्हरचं उलट आहे. त्याच्या डोळ्यांसमोर पक्षी पडतो, अंगाला कंप सुटतो, तोंडातून बारीक कुंई निघते, तरी नाव घेतल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. हे शिस्तीच्या देखाव्यासाठी नाही. बार चालू असताना उठलेलं कुत्रं नळीच्या पुढे येतं. बोटीत उठलेलं कुत्रं बोट कलंडवतं. आणि भरलेली बंदूक कुत्र्याच्या पायांत राहिली तर काय होतं याचं उदाहरण जानेवारी 2023 मध्ये कॅन्ससमध्ये घडलं: पिकअपच्या मागच्या सीटवर शिकारीचं सामान आणि रायफल होती, कुत्र्याचा पाय तिच्यावर पडला, बार उडाला आणि पुढे बसलेला तिशीतला माणूस मेला. त्या कुत्र्याला दोष कसला द्यायचा? गाडीत बंदूक रिकामी, उघडी आणि खोळीत, कुत्रं पिंजऱ्यात, हे दोन्ही पाळलं असतं तर ते घडलंच नसतं. मोतीला बसवून ठेवायला तू जितका वेळ देशील तितका थोडाच. आणि तो वेळ एकटीने अंगणात देऊन पुरत नाही. दुसरं कुत्रं पक्षी आणायला धावतंय आणि आपलं बसून बघतंय, हा धडा चार कुत्री असल्याशिवाय गिरवता येत नाही. पुन्हा क्लबातच यावं लागतं.

कुत्र्याच्या जिवाचं आता. लॅब्राडोरचा स्वभाव घातक म्हणण्याइतका उत्साही. थकलो हे तो सांगत नाही. त्याचं सामान्य तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. धावून ते वर जातं, आणि 41 च्या घरात गेलं की उष्माघात. मिनेसोटा थंड प्रदेश म्हणून निर्धास्त राहू नकोस, जुलै-ऑगस्टचे सराव दमट उन्हात होतात. थर्मामीटरच्या आधी जीभ बघायला शीक. तापलेल्या कुत्र्याची जीभ लांब लोंबते, टोकाला रुंद होते, पळीसारखी पसरते, आणि हिरड्या गडद लाल दिसतात. अशा वेळी ‘आणखी एक डमी’ हा मोह जीवघेणा. सावली, अंगभर पाणी, वारा आणि व्हेट, याच क्रमाने. पाण्यातल्या सरावात कुत्रं डमीबरोबर घोटाघोटाने तळं गिळतं आणि अति झालं तर रक्तातलं मीठ उतरून कोसळतं, म्हणून मधे विश्रांती हवी. तळ्यावर हिरवट साय दिसली तर आत सोडायचंच नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्री काही तासांत मेली आहेत. गोचिडी, हार्टवर्म, लेप्टो यांचं व्हेट सांगेल तसं कर, आणि ओढ्याकाठच्या ओल्या कुजट मातीतल्या ब्लास्टोमायकोसिस या बुरशीबद्दल मुद्दाम विचार, तुमच्या भागात ती आहे.

एका आजाराचं मात्र नाव घेऊन सांगतो. काही लॅब्राडोर पाच-पंधरा मिनिटं जोरात पळाले की मागचे पाय लटपटू लागतात, खाली बसतात, आणि थांबवलं नाही तर मरूही शकतात. याला व्यायामाने येणारी कोसळ म्हणता येईल, इंग्रजी आद्याक्षरांनी ईआयसी. तुझ्याच गावच्या मिनेसोटा विद्यापीठातल्या पशुवैद्यक संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह 2008 मध्ये त्यामागचा डीएनएम1 या जनुकातला बदल शोधून काढला. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तो आला तरच आजार होतो, आणि गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर तपासणी होते. मोतीची ती करून घे. पण माझा मुद्दा तपासणीच्या पुढचा आहे. मालकाला आपलं कुत्रं कोसळताना बऱ्याचदा उशिरा दिसतं, कारण त्याचं लक्ष पक्ष्यावर आणि शिट्टीवर असतं. मागच्या पायांचा पहिला झोल बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसतो. ज्याने त्या क्लबातली कुत्री वर्षभर पाहिली आहेत, मोती एरवी कसा पळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आज काहीतरी बिनसलंय हे कळतं. तू इतरांच्या कुत्र्यांना ओळखलंस तर ते मोतीला ओळखतील. अशा ओळखीची भरपाई कोणत्याही यंत्राने होत नाही.

आता तुझ्या मनातल्या शंका. पहिली वेळेची: आठवडाभर नोकरी, त्यात शनिवार-रविवार इतरांसाठी पक्षी फेकण्यात गेले तर मोतीला कधी शिकवू? हिशेब करून बघ. एकट्या माणसाला सराव करायचा तर डमी फेकणारा, कुत्रं धरणारा आणि बघणारा तोच. त्यातून लांबवर पडणारा पक्षी कुत्र्याला दाखवताच येत नाही. तू पाच जणांसाठी फेकलंस तर ते पाच जण मोतीसाठी फेकतात. महिन्यातला एक पूर्ण दिवस दे, पण पूर्ण दे: सकाळी आडोसे उभे करण्यापासून संध्याकाळी दोऱ्या गुंडाळेपर्यंत. चार अर्धवट दिवसांपेक्षा तो बरा, कारण सकाळची धोक्याची सूचना ऐकायला तू हजर असशील.

दुसरी शंका तू स्पष्ट लिहिली नाहीस, पण ओळींमधून दिसते. तिथले बहुतेक जण वयाने मोठे, पिढ्यान्‌पिढ्या शिकार केलेले. त्यांची चूक दिसली तरी मी परकी मुलगी कशी बोलू? आपल्या घरांत मोठ्यांपुढे गप्प बसण्याचं वळण लागतं, आणि इतरत्र ते शोभतंही. मैदानावर ते बाजूला ठेव. शिकार-सुरक्षेची सगळी व्यवस्था उभी आहे ती या एका गृहीतावर, की धोका ज्याला दिसेल त्याने ओरडून थांबवायचं, मग तो बारा वर्षांचा पोरगा का असेना. ‘नळी, सर!’ एवढे दोन शब्द पुरेत. मोठ्या अनुभवाच्या माणसाकडून हयगय होत नाही असं म्हणशील तर उलट आहे. सवयीने हात सैल पडतात. खरा अनुभवी माणूस थांबेल, बंदूक उघडेल आणि आभार मानेल. जो चिडेल त्याच्या जवळपास मोतीला उभं करायचं नाही हे तुला त्या क्षणी कळेल, तीही कामाची माहिती. आणि तुझं बोलणं ऐकलं जावं असं वाटत असेल तर राबणं इथेही उपयोगी पडतं. ज्या मुलीने सकाळपासून ओल्यात उभं राहून सगळ्यांची बदकं फेकली, तिच्या ‘थांबा’ला वजन असतं.

तिसरी शंका तुझ्या आईची, आणि ती सर्वांत गंभीर. आपल्या घरात मासळीसुद्धा शिजत नाही; भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद; मग आपली मुलगी मेलेली बदकं हाताळते हे कसं? माझ्या ताईची ही शंका हसण्यावारी नेऊ नकोस. मी या प्रश्नाचं उत्तर असं देतो. रिट्रीव्हर पक्षी मारत नाही. मारलेला किंवा जखमी झालेला पक्षी वेतात, लव्हाळ्यात हरवून तडफडत राहू नये म्हणून ही कुत्री निपजवली गेली. शिकार जिथे कायदेशीर आहे तिथे चांगलं कुत्रं पक्ष्यांच्या यातना आणि नासाडी कमी करतं. दुसरं असं की अमेरिकेत सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पाणपक्षी-शिकाऱ्याला 1934 पासून केंद्र सरकारचं ‘डक स्टँप’ विकत घ्यावं लागतं, आता त्याला 25 डॉलर पडतात, आणि दर डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा घेण्यात आणि राखण्यात जातात. शिकार न करणाराही ते घेऊ शकतो, तू जरूर घे. एवढं सगळं खरं असूनही मी असं म्हणणार नाही की त्यामुळे ताईचा प्रश्न मिटला. जीव घेणं आणि जागा राखणं यांची वजाबाकी होत नाही. तुला कुठवर जायचं हे तूच ठरव. स्वतः शिकारीला न जाता कापडी डमीवर कुत्रं शिकवणारे सभासदही क्लबात असतात. मात्र परीक्षेत खरे पक्षी असतात, हे आधीच समजून घे. बदक हातात घेताना मन मागे येत असेल तर परीक्षेचा अर्ज भरू नकोस, सरावाला जात राहा. आणि सुट्टीत इकडे आलीस की तिकडचे रिवाज इथल्या तळ्यांवर आणू नकोस. उजनीवर किंवा नांदूर मधमेश्वरला मोतीसारखं कुत्रं पक्ष्यांच्या मागे सोडणं हा सरळ अपराध आहे. मिनेसोटातही पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत सरकारी जमिनीवर कुत्र्यांच्या सरावाला बंधनं असतात, त्या तारखा क्लबाच्या सचिवाला विचार.

ऑक्टोबर उजाडला की पाणी अंग बधिर करण्याइतकं गार होईल. तिथले लोक एक-दहा-एक असा हिशेब सांगतात: पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्याचं, पुढची दहा मिनिटं हातपाय चालतात तेवढ्यात बाहेर पडायचं, आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपते. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर हवं, बोटीच्या तळाशी नव्हे. आणि वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार, घातलीस तर कमरेचा पट्टा आवळलेला. बर्फाच्या पापुद्र्यावर पक्षी पडला तर तो गेला समजायचं, मोतीला सोडायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि तो बर्फात अडकलाच तर तू मागे जायचं नाहीस. हे वाक्य लिहिताना मलाही जड जातं, पण आत्ता घरात बसून ठरवलं नाहीस तर काठावर उभी असताना तुझा निर्णय तुझे पाय घेतील.

मोतीच्या ईआयसीचा निकाल आला की मला कळव. ताईला मी उद्या फोन करतो. डक स्टँपचं मी सांगेन, बदकांचं तू स्वतः सांग.

तुझा,
मामा